घाटांची नावे, नाल्यांचा धनी

काशीच्या घाटांवरून नावेने जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला आपल्या घरची माणसे भेटल्यासारखे वाटते. अस्सीपासून राजघाटापर्यंत गंगेच्या अर्धचंद्राकृती काठाला लागून घाटांची जी ओळ पसरली आहे, तिची संख्या परंपरेने चौऱ्याऐंशी सांगितली जाते. त्यांत अहिल्याबाईंचा घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा आहे, शिंद्यांचा आहे, अमृतराव पेशव्यांचा राजाघाट आहे, भोसल्यांच्या पदरी असलेल्या श्रीधर नारायण मुनशींचा घाट आहे. ब्रह्मघाट आणि दुर्गाघाट यांच्याशी नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव जोडलेले आहे. ब्रह्मघाटावर नाना फडणविसांचा वाडा आहे आणि तेथे आजही गणेशोत्सव होतो. दगडाच्या त्या भव्य दर्शनी भागावर मराठ्यांच्या अठराव्या शतकाचा ठसा इतका ठळक आहे की, राज्य गेले पण नाव राहिले असे समाधान मराठी मनाला सहज वाटावे.

या दगडी दर्शनी भागाच्या पोटात दुसरी एक काशी आहे. ती नाल्यांची, गटारांची, बुजवलेल्या तलावांची आणि बंद पडणाऱ्या पंपांची आहे. तेथे कोणाचेही नाव कोरलेले नाही. घाट कोणी बांधला हे लहान पोरही सांगेल; नाला कोणाचा, हे दोनशे वर्षांत कोणालाच नीट सांगता आलेले नाही. काशीच्या गंगेचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या न मिळालेल्या उत्तराचा इतिहास आहे.

मराठ्यांचे काशीशी नाते राज्यकर्त्यांचे कधीच नव्हते, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. सोळाव्या शतकात पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने येथे विद्येचे पीठ उभे केले. त्यातील नारायण भट्टांनी 'त्रिस्थलीसेतु' हा तीर्थविधीचा प्रमाणग्रंथ रचला आणि त्यांच्याच वंशातील गागाभट्ट पुढे रायगडावर आले. पेशवाईत या विद्येच्या नात्याला द्रव्याची जोड मिळाली. पहिल्या बाजीरावाच्या काळी सदाशिव नाईक यांच्या देखरेखीखाली मणिकर्णिका घाटाचे काम झाले. दशाश्वमेधाचे बांधकामही त्याच काळातले. पुढे अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे मंदिर उभारले आणि १७९१ मध्ये मणिकर्णिकेचा जीर्णोद्धार केला. परंतु ज्या भूमीवर हे सारे घडत होते तिची सत्ता प्रथम अयोध्येच्या नवाबाकडे व त्याच्या आश्रयाने काशीच्या राजाकडे होती. १७७५ मध्ये ती कंपनीच्या वर्चस्वाखाली गेली, आणि १७८१ च्या चेतसिंहाच्या बंडानंतर राजाच्या हाती नावापुरताच अधिकार उरला. काशी आपल्या हाती यावी ही पेशव्यांची इच्छा शेवटपर्यंत अपुरी राहिली. मराठ्यांनी तेथे दिले ते दान. कर वसूल करण्याचा हक्क नाही, कोतवाली नाही, रस्त्याची वा पाण्याची व्यवस्था लावण्याचा अधिकार नाही, अशा स्थितीत दिलेले ते दान होते.

दानाला त्याचा स्वतःचा एक क्रम असतो. धर्मशास्त्राने 'पूर्त' म्हणून जी लोकोपयोगी पुण्यकर्मे सांगितली त्यांत विहीर, तलाव, देऊळ, बाग, अन्नछत्र यांची गणना होते आणि घाट त्यांच्याच पंक्तीत बसतो. सांडपाण्याची मोरी या यादीत कधी आली नाही. गंगेच्या काठी काय करू नये याची यादी पुराणांनी दिली आहे, आणि ती आजच्या नगरपालिकेच्या नियमांना लाजवील इतकी बारीक आहे. तथापि ती प्रत्येक स्नानार्थ्याला उद्देशून आहे, नगराला उद्देशून नाही. एकट्या माणसाने नदीत मळ टाकू नये हे त्याला सांगता येते. लाखभर माणसांच्या घरांतून निघणाऱ्या पाण्याने कोठे जावे, हे कोणी कोणाला सांगावयाचे?

जुन्या काशीला या प्रश्नाचे उत्तर भूगोलाने दिले होते. गंगेचा काठ येथे उंच आहे आणि त्याच्या मागची जमीन आत उतरती आहे. त्यामुळे पावसाचे पाणी थेट नदीत न जाता शहरातल्या सखल भागांत साठत असे. मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया हे तलाव आणि असंख्य कुंडे ही त्या साठवणीची ठिकाणे होती. पुराच्या वर्षी गंगा वाढली की पाणी उलटे वरुणेतून मत्स्योदरीत शिरे, आणि तो योग पुण्यकारक मानला जाई. या तलावांत घाणही साठे, डास होत, रोगराई पसरे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ही घाण शहराच्या डोळ्यांसमोर राही, हेही तितकेच खरे.

हे चित्र बदलणारा माणूस टाकसाळीतला होता. जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये बनारसच्या टाकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला आणि १८३० मध्ये टाकसाळ बंद होईपर्यंत तेथे राहिला. ब्राह्मी लिपीच्या उलगड्यामुळे त्याचे नाव अमर झाले ते पुढे कलकत्त्यात. बनारसच्या दहा वर्षांत त्याने शहर वाचण्याचा उद्योग केला. १८२२ मध्ये त्याने शहराचा पहिला नेमका नकाशा तयार केला. १८२८-२९ च्या सुमारास शिरगणती केली. तोवर अधिकारी १८०१ च्या अंदाजावर विसंबून बनारसची वस्ती सहा लाखांच्या घरात धरीत. प्रिन्सेपने मोजली तेव्हा ती एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास निघाली. जे सरकार आपली प्रजा तिपटीने अधिक समजत होते, त्याला त्या प्रजेच्या मोऱ्यांची कितपत माहिती असणार?

साचलेल्या तलावांचे पाणी काढून देण्यासाठी प्रिन्सेपने शहराच्या पोटातून एक कमानीदार भुयारी नाला बांधला. मत्स्योदरीचे पाणी गंगेत उतरले. मंदाकिनीच्या जागी मैदागीनची कंपनी बाग झाली, बेनियाचेही पुढे मैदान आणि बाग झाले. अभियंता म्हणून प्रिन्सेपचे कौशल्य वादातीत होते आणि हेतूही स्वच्छ होता. आरोग्य सुधारावे हाच तो. परंतु या कामाने नगराचा उतार बदलला. जे पाणी आजवर आत साठून जिरत होते, त्याला नदीची वाट मिळाली. पुढच्या दोन शतकांत जे जे घडले त्याचे बीज या उतारात आहे. याचा दोष प्रिन्सेपच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल, कारण १८२० च्या दशकातली गंगा हे ओझे लीलया पेलीत होती.

याच प्रिन्सेपची गाठ एका अपुऱ्या मराठी कामाशीही पडली. काशीच्या पूर्वेस कर्मनाशा नदी आहे. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तरी पूर्वपुण्य नष्ट होते अशी समजूत असल्यामुळे यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ती ओलांडीत. या त्रासातून लोकांची सुटका व्हावी म्हणून नाना फडणविसांनी तेथे पूल बांधण्यास प्रारंभ केला होता. नदीच्या वाळूत पाया ठरेना आणि काम अर्धवट राहिले. पुढे काशीच्या राजा पटनीमल यांच्या द्रव्याने आणि प्रिन्सेपच्या आराखड्याने तो पूल पुरा झाला. नानांच्या दानाला कंपनीच्या अभियंत्याचे ज्ञान मिळाले तेव्हाच दगड उभा राहिला. दान, ज्ञान आणि सत्ता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याचे काशीच्या परिसरातले हे एक दुर्मिळ उदाहरण म्हणावे लागेल.

त्या उलट उदाहरण शिंदे घाटाचे आहे. दौलतराव शिंद्यांच्या मागे बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास मणिकर्णिकेच्या शेजारी एक प्रचंड घाट बांधावयास घेतला. दगडाचे वजन एवढे झाले की काठ खचला आणि घाट नदीकडे घसरला. आज जो घाट दिसतो तो बऱ्याच नंतर, १९३७ मध्ये शिंद्यांनीच पुन्हा बांधला. पाण्यालगत एका अंगावर कललेले रत्नेश्वराचे मंदिर आजही तेथे उभे आहे. एका मुलाने मंदिर बांधून आईचे ऋण फिटल्याचे जाहीर केले, तत्क्षणी मंदिर कलले, अशी दंतकथा स्थानिक लोक सांगतात. भूगर्भशास्त्राला ती पटणार नाही. पण दान देऊन ऋणातून मोकळे होता येते या कल्पनेवर काशीच्या लोकांनी केलेली ही मार्मिक टीका आहे.

ऋण आणि कर या दोहोंविषयी या नगराचे स्वतःचे ठाम मत होते, हे १८१० मध्ये कंपनीला कळून चुकले. त्या वर्षी घरांवर कर बसविणारा कायदा झाला. डिसेंबरात बनारसने दुकाने बंद केली. लोहार, विणकर, नावाडी, सर्व जातींचे व धंद्यांचे लोक घरे सोडून उघड्या मैदानात जाऊन बसले. प्रेतांची क्रिया करावयास माणसे मिळेनात इतका तो बंद कडक होता. आपल्या मोहल्ल्यांची फाटके आणि चौकीदार यांचा खर्च आपण स्वतः उचलतो, मग हा कर कशाचा, असा नागरिकांचा युक्तिवाद होता. सरकारने धमक्या दिल्या, सवलती दिल्या, आणि अखेर १८१२ मध्ये तो कायदा रद्द केला. धरमपाल यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या सत्याग्रहाची मूळ कागदपत्रे एकत्र केली, तेव्हा गांधीपूर्व काळातही असहकाराची परंपरा होती हे अनेकांना प्रथमच समजले.

या लढ्याचा गौरव योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कर कशाचा, हा प्रश्न नगराने विचारला आणि जिंकला. मात्र त्या प्रश्नात रात्रीची राखण होती, सांडपाणी नव्हते. मोहल्ल्याच्या फाटकाच्या आतील सर्व काही आपले आणि फाटकाबाहेरचे सरकारचे किंवा गंगामाईचे, ही वाटणी तशीच राहिली. १८६७ मध्ये नगरपालिका आली तेव्हाही ती लोकांना आपली वाटावी असे काही घडले नाही. जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली चालणारे ते आणखी एक कार्यालय होते.

अपवाद घडला तो १८८६ मध्ये. त्या वर्षी नगरातील प्रतिष्ठित मंडळींनी 'काशी गंगा प्रसादिनी सभा' स्थापन केली. गंगेत घाण जाऊ नये आणि शहराला भुयारी गटारे व स्वच्छ पाणी मिळावे, हा तिचा उद्देश होता. घाट बांधणाऱ्या वर्गाने गटारासाठी पुढे येण्याचा हा काशीच्या इतिहासातील पहिलाच प्रसंग असावा. सभेच्या नावातच 'प्रसाद' हा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ निर्मळपणा, हे येथे सांगितले पाहिजे. १८९२ मध्ये भदैनी येथे पाणी उपसण्याचे केंद्र सुरू झाले. शहराच्या वरच्या अंगाला पाणी घ्यावे आणि खालच्या अंगाला, राजघाटाच्या पुलापलीकडे, मैला सोडावा, अशी ही एकंदर कल्पना होती. कागदावर ती निर्दोष होती. पण नळ आला की घरातले सांडपाणी कित्येक पटींनी वाढते. नळ लवकर पसरला, गटार मागे राहिले. शहर दक्षिणेकडे वाढले आणि अस्सीचे पाणी घाण झाले. ती अस्सी भदैनीच्या वरच्या बाजूला गंगेला मिळते! ज्या नदीच्या नावावरून वाराणसी या नगरनामाचा अर्धा भाग सांगितला जातो, तिला सरकारी कागदांत नाला म्हणण्याची पद्धत पडली. आणि त्या नाल्याच्या खाली, थोड्याच अंतरावर, पिण्याचे पाणी उपसले जात राहिले.

नदीत पाणी किती, हा प्रश्नही याच काळात उभा राहिला. १८५४ मध्ये हरिद्वारहून काढलेल्या कालव्याने गंगेचे मोठे पाणी शेतीकडे वळविले. पुढे तेथे नवा बंधारा होऊ लागला तेव्हा पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, आणि १९१६ मध्ये सरकारने हर की पौडीला अखंड प्रवाह सोडण्याचे व हिंदू समाजाच्या संमतीवाचून फेरबदल न करण्याचे मान्य केले. गंगेच्या बाबतीत सरकारने लेखी वचन दिल्याचा हा प्रसंग आहे. ज्याने हे वचन घेतले त्याच पुरुषाने त्याच वर्षी काशीत हिंदू विश्वविद्यालयाचा पाया घातला. त्याच विश्वविद्यालयातून गंगेचा पुढचा वकील निघावयाचा होता.

स्वातंत्र्यानंतरची चार दशके या कथेत फारशी भर घालीत नाहीत. वस्ती वाढली, नाले वाढले, एवढेच. १९८५ मध्ये केंद्रीय गंगा प्राधिकरण स्थापन झाले आणि १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी काशीच्या घाटावरून गंगा कृती योजनेचा आरंभ केला. कोनिया येथे मुख्य पंपगृह, घाटांवर लहान पंप, दीनापूर येथे दिवसाला आठ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र, हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी, अशी कामे झाली. अर्धवट जळलेली प्रेते खावीत म्हणून सारनाथला वाढविलेली कासवे नदीत सोडण्यात आली आणि त्यांच्यासाठी १९८९ मध्ये रामनगरपासून राजघाटाच्या पुलापर्यंत सात किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. जी जबाबदारी माणसांत कोणाची हे ठरेना ती कासवांवर सोपविली गेली, असे त्या वेळी कोणी विनोदाने म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. २०२० मध्ये हे अभयारण्य रद्द झाले.

योजनेचे दुखणे यंत्रांत नव्हते. पंप विजेवर चालत आणि वीज जात असे. पूर आला की पंप बुडत आणि काही आठवडे सारे पाणी थेट नदीत जाई. दीनापूरचे केंद्र सेंद्रिय मळ कमी करी, पण रोगजंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी ते बांधलेलेच नव्हते. आणि काशीत तर हजारो माणसे रोज त्या पाण्यात बुडी मारून ते ओंजळीने तोंडात घेतात. पैसा केंद्राचा, बांधणारे राज्याचे जलनिगम, आणि बांधून झाल्यावर ते चालविण्याचा व विजेचे बिल भरण्याचा भार नगरसंस्थेवर! तिघांपैकी प्रत्येकाला बोट दाखविण्यासाठी दुसरे दोघे उपलब्ध होते. योजनेचा पहिला टप्पा २००० च्या मार्चमध्ये संपला, आणि त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनी तिच्या फलितावर कडक ताशेरे ओढले.

हे सर्व रोज प्रत्यक्ष पाहणारा एक माणूस तुळशी घाटावर राहत होता. वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. चौदाव्या वर्षी महंतपद आले, आणि पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्यांनी नदीचे शास्त्र शिकविले. १९८२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह संकटमोचन प्रतिष्ठान उभे केले आणि तुळशी घाटावर पाण्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा चालविली. स्नानाच्या पाण्यात शंभर मिलिलिटरला मलजन्य जंतूंची संख्या पाचशेच्या आत असावी, अशी मर्यादा सरकारनेच घातलेली होती. प्रयोगशाळेचे आकडे त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जात. ते आकडे स्वतः नोंदवून हा प्राध्यापक सकाळी त्याच पाण्यात स्नान करी. बुद्धी एक सांगते आणि हृदय दुसरे, ही आपली अवस्था त्यांनी कधी लपविली नाही. पाश्चात्य वार्ताहरांना या विरोधाभासाचे फार आकर्षण वाटले. वस्तुतः त्यात विरोधाभास नव्हता. गंगा पवित्र आहे आणि गंगा घाण झाली आहे, ही दोन्ही विधाने त्यांना एकाच वेळी खरी वाटत. पहिले विधान खरे म्हणूनच दुसरे त्यांना असह्य होई. गंगामाई घाण होऊच शकत नाही असे म्हणणाऱ्या भाविकाला आणि आकडे सुधारले आहेत असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला ते सारखेच अडचणीचे ठरले.

त्यांनी पर्यायही मांडला. घाटांच्या कडेने गुरुत्वाकर्षणाने वाहणारा मोठा नळ टाकावा, सारे नाले त्यात अडवावेत, पंप व वीज यांची गरज कमीत कमी ठेवावी, आणि शहराच्या खाली तलावांच्या साखळीत ते पाणी सूर्यप्रकाश व शेवाळ यांच्या साह्याने शुद्ध करावे. कॅलिफोर्नियातील बर्कलीचे विल्यम ऑस्वाल्ड यांची ही तलावपद्धती होती. प्रिन्सेपने तलाव काढून नाला दिला. दीडशेहून अधिक वर्षांनी काशीचा एक अभियंता नाल्यातून पुन्हा तलावाकडे जाऊ पाहत होता.

त्र्याहत्तर व चौऱ्याहत्तर या दोन घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नगरसंस्थांना स्वराज्याचा घटनात्मक आधार दिला. त्या आधारावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाराणसीच्या नगरनिगमाने मिश्रांच्या योजनेला मान्यता दिली. १८१० नंतर प्रथमच हे नगर आपला निर्णय आपण घेऊ पाहत होते. परंतु राज्याच्या यंत्रणेची स्वतःची वेगळी योजना होती. वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, वर्षे गेली. नाला कोणी बांधावयाचा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, एवढ्या एका प्रश्नावर एक पिढी उलटली. मिश्र १३ मार्च २०१३ रोजी निवर्तले. त्यांच्या कल्पनेतली योजना तोवर उभी राहिलेली नव्हती.

त्यानंतर पैसा पुष्कळ आला. २०१५ मध्ये 'नमामि गंगे' कार्यक्रमासाठी वीस हजार कोटींची तरतूद मंजूर झाली. दीनापूरला चौदा कोटी लिटरचे नवे केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले, गोइठहा व रमना येथेही केंद्रे उभी राहिली. थेट नदीत पडणारे कित्येक नाले वळविले गेले, घाट पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसू लागले, हे मान्य केले पाहिजे. आणि तरीही २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांना न वापरलेल्या निधीविषयी पुन्हा लिहावे लागले. याच सुमारास शहराच्या पोटातल्या जुन्या भुयारी नाल्याची सफाई हाती घेण्यात आली. लोक त्याला शाही नाला म्हणतात आणि मोगलांच्या काळचा समजतात. तो कोठून कसा जातो याचा विश्वसनीय नकाशा कोणत्याही कार्यालयात मिळेना. अखेर कॅमेरे बसविलेली यंत्रे आत सोडून त्याचा मार्ग शोधावा लागला.

दरवर्षी पावसाळ्यात गंगा घाटांवर चढते आणि पायऱ्या दिसेनाशा होतात. रत्नेश्वराचे कललेले मंदिर पाण्यात जाते. आश्विनात पाणी उतरू लागले की पायऱ्यांवर पुरुषभर गाळ राहतो. मग पंप लावून, रबरी नळांच्या जोरदार धारांनी तो गाळ धुतात आणि नदीतच परत ढकलतात. काही दिवस घाटांवर हेच काम चालते. गाळ खाली सरकतो तशा वरून एकेक पायऱ्या मोकळ्या होतात. भिंतींवर रंगविलेली घाटांची नावे वाचता येतात, आणि सर्वांत शेवटी, पाण्याच्या रेषेजवळ, नळांची तोंडे उघडी पडतात.